डावं मागचं चाक

८ नोव्हेंबर, शनिवार

मनस्वी गाडीचे टायर बदलून आली. मला विचारलं नाही, सांगितलं! तेही संध्याकाळी, चहा गाळता गाळता. "अरे हो, आज टायर बदलले." जशी काही कोथिंबीर आणली.

कुठे बदलले? तर प्रितेशकडे. कोण प्रितेश? तिच्या उरणच्या कोळीवाड्यातला, शाळेत एका वर्गात. नवीन पनवेलला टायरचं दुकान टाकलंय म्हणे. दोन टायर नवे घातले, मागची चाकं पुढे घेतली, पुढची मागे नेली, आणि वर पिशवीभर जवळा दिला. जवळा! टायरवाल्याने जवळा का द्यावा? "त्याच्या आईने वाळवलाय," म्हणाली. म्हणजे थेट आईपर्यंत ओळख.

गाडी तिच्या पगारातली, मान्य. जासईच्या कंटेनर यार्डातल्या ऑफिसात रोज तीच नेते, तेही मान्य. त्या ट्रेलरच्या रस्त्यावर स्कूटी नको, हे मीच म्हटलं होतं. पण टायर हा नवऱ्याचा विषय आहे की नाही?

आईला म्हटलं, गाडीची नजर काढ, परक्याचा हात लागलाय. आई काय, टपलेलीच होती. बंपरचं जुनं लिंबू-मिरची तारेसकट सोडवून नवं बांधलं, जुनं फाटकाबाहेर फेकलं. "वाटंवर टाकाचा. जो वलांडल तो नेल," म्हणाली. आमच्या विचुंब्यात आता एवढे टॉवर झालेत की ओलांडणाऱ्यांना तोटा नाही.

जवळा रात्री जेवणात होता. चांगला होता. तरी मी म्हटलं, खारट आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

डॅशबोर्डवर पिवळा दिवा! स्क्रीनवर चारही चाकांची हवा दिसते — तीन ठीक, डावं मागचं कमी. आता बोला! टायर घालून अजून धड चिखलही लागला नाही त्यांना. मला इतका आनंद झाला की लपवता येईना.

"बघ तुझ्या मित्राचं काम," म्हटलं. 'मित्राचं' जरा ओढूनच म्हटलं.

"असू दे. उद्या जाताना दाखवते त्याला."

उद्या! म्हणजे परत तिकडेच. आणि मग माझी ट्यूब पेटली. काम मुद्दाम अर्धवट ठेवलंय. दिवा लागला की गाडी परत दुकानात, आणि गाडीसोबत कोण? चांगला धंदा आहे!

काही गरज नाही, म्हटलं. हवा मी भरेन.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हवा भरायचा इलेक्ट्रिक पंप मागवला. चांगले रिव्ह्यू आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पंप आला. अंगणात बसून डाव्या मागच्या चाकात हवा भरली. पंपाचा मीटर म्हणतो, पुष्कळ झाली. गाडीची स्क्रीन म्हणते, कमीच आहे. पंपाचा मीटर भंगार निघाला, दुसरं काय! कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो मी, डबडं यंत्र मला लांबून कळतं. स्क्रीनला खोटं बोलून काय मिळणार आहे? अजून भरली.

मनस्वी ओट्यावर उभी राहून बघत होती. "भावेश, चारही चाकं एकदा मोजून तरी बघ."

"दिवा एकाचा लागलाय. चार कशाला मोजू?"

"बरं."

हल्ली फार पटकन 'बरं' म्हणते. पूर्वी भांडायची. पार रात्री गादी घालेपर्यंत भांडायची. मी बरोबर असल्याचं कळायला लागलं असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जासईला मावशीच्या नातीची हळद. मनस्वी चालवत होती, मी शेजारी, आई मागे. वाटेत फोन वाजला तो गाडीच्या स्पीकरवर. सगळ्या गाडीभर आवाज —

"काय गो मने! गारी कशी चालतंय?"

मने!! मी मनस्वी म्हणतो. पूर्ण म्हणतो. लग्न झाल्यापासून म्हणतो.

आणि ही? "नाय रं, दिवाच लागलाय. नं मागनं नुसती आदलतंय." हसत! तोंडभर! ही माझ्याशी बोलते तेव्हा कसं स्वच्छ, ऑफिसातल्यासारखं बोलते. आईशी मी घरातली बोली बोलतो, पण हिच्याशी नाही, तिलाही ते आवडत नसावं असं मी धरून चाललो होतो. आणि या टायरवाल्याशी मात्र 'नाय रं'! जळलो मी. इथे लिहायला काय चोरी — जळलो, पार जळून खाक झालो.

"उद्या घेऊन ये, पाच मिन्टाचा काम हाय," तो म्हणाला.

मी पुढे वाकून स्पीकरला म्हटलं, "तिला वेळ नाही."

"अरे, भावजी हायत का! तुमी पन या, चा पिवाला."

भावजी म्हणे. नाटकं!

खड्डा आला आणि मागचं चाक असं आपटलं की आई किंचाळली. "गारी हाय का बैलगारी? माजी कंबर मोरली रं!" तिला म्हटलं, हे सगळं त्या प्रितेशचं काम. आईने तिथल्या तिथे बोटं मोडली.

हळदीत मनस्वी नाचली नाही. एरवी सगळ्यांच्या पुढे असते, हळदीने पिवळी होऊन घरी येते. आज मावशीला धरून कोपऱ्यात बसली होती. मी जवळ गेलो तर दोघी गप्प. मावशीला पण प्रितेश माहीत आहे वाटतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

स्टिअरिंग डावीकडे ओढतंय म्हणाली. म्हणजे अलाइनमेंटही बिघडवून दिलंय त्याने. वा रे मित्र! आज पुन्हा हवा भरली, त्याच चाकात. स्क्रीनवरचा आकडा वाढायच्या ऐवजी उतरलाय. मला हा माणूस जाम हुशार वाटायला लागलाय.

तिच्या फोनचं लोकेशन माझ्या फोनवर दिसेल असं करून घेतलं. सुरक्षिततेसाठी, म्हटलं.

"कोणाच्या?" तिने विचारलं.

हा काय प्रश्न झाला?

२० नोव्हेंबर, गुरुवार

लोकेशन दिवसभर जासई. जेवणाच्या सुट्टीतही जासई. जीव भांड्यात पडला. मग वाटलं, फोन टेबलावर ठेवून जात असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

माहेरी गेली सकाळी. सोबत मिक्सर नेला आणि तिची गोधडी. "आईचा मिक्सर बिघडलाय." बरं, आणि गोधडी? "तिकडे थंडी पडते." उरणला समुद्रावर कसली थंडी!

मी फोन हातात घेऊनच बसलो. नकाशावरचं तिचं टिंब निघालं, नवीन पनवेलला आलं आणि तिथेच थांबलं. हललंच नाही! दुकानापासून चार पावलांवर. फोन केला.

"कुठे आहेस?"

"सिग्नलला."

"एवढा वेळ?"

"ट्रॅफिक आहे, भावेश." मग, "रात्री आले की बोलायचंय तुझ्याशी."

काय बोलायचंय? तेच. दुसरं काय असणार! आली तेव्हा मी दारातच विचारलं, मिक्सर गाडीतून कोणी उतरवला? ती चपला काढत होती. म्हणाली, "मी बोलणार होते काहीतरी." मी म्हटलं, आधी मिक्सरचं सांग. माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

म्हणजे त्यानेच उतरवला! दुकान सोडून उरणपर्यंत गेला असणार.

गाडीची चावी माझ्या कपाटात ठेवली. दिवा विझेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही, बसने जा, असं सांगून टाकलं. गाडी धोक्याची आहे, हे तरी खोटं नाही ना?

"बरं."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बसने गेली. यायला उशीर. मी फाटकात उभा. बसमधून एकटीच उतरली. तरी खिडक्यांमधून आत बघून घेतलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आई घट मांडत होती, मी तिला आंब्याची पानं काढून देत होतो. तेवढ्यात मनस्वीने माझ्या कपाटातून चावी घेतली आणि गाडी काढली! न विचारता! मी फाटकापर्यंत धावलो, ती गेलेली.

टिंब बघत बसलो. जासईच्या अलीकडे, ऐन हायवेवर टिंब थांबलं. अर्धा तास झाला तरी हलेना. फोन लावला. तिने उचलला आणि मागून बाप्याचा आवाज — "जॅक धर गो जरा." मला पुढचं काही ऐकू आलं नाही. बाईक काढली. कशी चालवली देव जाणे.

गाडी कडेला. एका मागोमाग एक ट्रेलर, प्रत्येक ट्रेलरला जमीन हादरतेय. प्रितेश रस्त्यावर आडवा, शर्ट काळा झालेला. मनस्वी ओढणीत चाकाचे नट धरून उभी. चेहरा पांढराफटक. चालत्या गाडीचा टायर बसला होता, गाडी डावीकडे खेचली गेली, शेजारून ट्रेलर. थोडक्यात वाचली. हे मला नंतर कळलं. आधी मी ओरडलो — "मला का नाही फोन केलास?"

"तू ओरडला असतास."

"मी ओरडतोय का?"

ट्रेलरवाले खाली वाकून माझ्याकडे बघत होते.

मग मी चाक बघितलं. बसलं होतं ते पुढचं. डावं पुढचं! मागचं नाहीच! मागचं टणक, दगड. त्यावर हात आपटला तर हात दुखला.

प्रितेश उठून बसला. "माजी चूक हाय, भावजी. मागची चाकं पुढं घेतली, पन गारीला नवीन जागा शिकवाच्या राहिल्या. ती अजून जुन्याच जागा दाखवतंय. पुढच्याची हवा गेली का स्क्रीनवर मागचा चाक कमी दिसतंय." म्हणजे गळत होतं पुढचं, आणि मी इतके दिवस मागच्यात भरत होतो. स्क्रीनवर पुढच्याचा आकडा वाढत होता, तो मी बघितलाच नाही. म्हणून मागून आपटायची. म्हणून डावीकडे ओढायची.

बसलेल्या टायरमधून त्याने पक्कडीने एक बारीक तार ओढून काढली. तारेला वाळलेल्या मिरचीचा देठ चिकटलेला. आमच्याच फाटकातलं लिंबू-मिरची! आईने टाकलं, मी टाकायला लावलं, आणि ओलांडलं ते आमच्याच गाडीने.

त्याने स्टेपनी चढवली, मागच्या चाकातली जास्तीची हवा सोडली, माझी पुन्हा माफी मागितली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माफीने जास्त लागलं.

आणि एवढं सगळं कळूनही एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. मरणाच्या दारात तिने त्याला फोन केला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याने गाडीला चाकांच्या जागा शिकवून दिल्या. दिवा विझला. गाडी लोण्यासारखी चालते. पंप पेटीत घालून माळ्यावर टाकला.

आईला तारेचं सांगितलं. म्हणाली, "मग नजर केवरी जबर व्हती बग!" हिच्यापुढे बोलणं नको.

मनस्वी शांत आहे. चिडलेली नाही. कपाट आवरत होती. मी मुद्दाम म्हटलं, प्रितेश चांगला माणूस आहे. ती म्हणाली, "हो." बस, 'हो'!

२९ नोव्हेंबर, शनिवार

राहवलं नाही. एकटाच दुकानात गेलो. चहा मागवला त्याने, मी घेतला नाही. सरळ म्हटलं, "तुमचं दोघांचं काय चाललंय ते मला सांग. मारामारी करायला आलो नाही."

तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "भावजी, माजी बहीण असती तरी मी याच्याहून जास्त काय केला नसता. पन मना काय इचारू नका. मनेला इचारा. सांगाचा ते ती सांगल."

सांगायचं आहे! म्हणजे आहे काहीतरी! इतके दिवस मी वेडा नव्हतो! दुकानातून बाहेर पडलो तेव्हा मला — खरं लिहितो — हलकं वाटलं. घरी आलो तर ती झोपलेली. उद्या विचारणार. समोर बसवून.

३० नोव्हेंबर, रविवार

विचारलं. तिने उरणला खोली घेतलीय. एकटीसाठी. प्रितेशच्या आईच्या ओळखीने मिळाली, त्याचा संबंध एवढाच. मी म्हटलं, "मी काही करणार नाही, काही बोलणार नाही. फक्त एकदा नाव सांग."

"नाव नाहीये, भावेश. कोणीच नाहीये. तरी मी उद्या जातेय."