नम्रतेवर दोन शब्द

डब्लिन, ओहायो
ऑक्टोबर १९८५

तीर्थस्वरूप वसुधामावशीस,

चारुदत्तचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? ईडन प्रेरीला थंडी लवकर पडते म्हणतात, तेव्हा (तुझी लेक उत्तरा काहीही म्हणो) बाहेर नुसत्या चपलांवर जाऊ नकोस. इकडे सगळे खुशाल. तुझी सूनबाई नंदा माझ्याशी बोलत नाही, तेवढं सोडलं तर.

त्याचं असं झालं. आमचे शेजारी अर्ल, मूळचे केंटकीचे. जन्मभर कंट्री म्हणतात तसली गाणी लिहिली: ट्रक, धूळ, सोडून गेलेली बायको (त्यांची स्वतःची शेवटपर्यंत सोबत होती). गायला मात्र कायम दुसरे. ती वारल्यावर त्यांनी एक देवाचं गाणं लिहिलं. कुंपणावरून मला अर्थ सांगितला होता: मी दारात रिकाम्या हातांनी उभा, लायकी काही नाही, तरी त्यानं आत बोलावलं आणि आधी माझं पान वाढलं. हे एक गाणं त्यांना स्वतः, माणसांसमोर गायचं होतं. संधिवातानं बोटं आखडत चालली होती, म्हणून घाई. मी म्हटलं, आमच्या गणेशोत्सवात या.

आता मंडळ म्हणजे तुला ठाऊकच आहे. शाळेचा हॉल नऊपर्यंतच मिळालेला. आधी अध्यक्ष उल्हास सबनीसांचं स्वागतपर भाषण, मग हॉल मिळवणाऱ्यांचा सत्कार, मोदक करणाऱ्यांचा सत्कार, सत्काराच्या शाली आणणाऱ्यांचा सत्कार. अर्लनाही शाल-नारळ दिला. ते नारळ मांडीवर आणि गिटार भिंतीला टेकवून बसले. मग त्यांचा परिचय करून द्यायला मी उठलो. विषय नम्रता! मावशी, या विषयावर माझ्याकडे इतकं आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. संतांपासून निघालो तो शाळेत मला मिळालेल्या बक्षिसांवर आलो (ती मी कुणाला सांगत नाही, हे सांगायला). पहिल्या रांगेतून नंदा हातवारे करत होती, मला वाटलं भाषण रंगलंय. शाळेच्या माणसानं दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा मी ‘थोडक्यात सांगायचं तर’पर्यंत पोचलो होतो. उरलेल्या उजेडात उल्हासनं आभार मानले. ते काही टाळता येत नाहीत.

अर्लनी गिटार पेटीत ठेवली. “इट्स ऑल राइट, चारू, आय हॅड अ गुड सीट,” म्हणाले आणि नारळ जपून घरी घेऊन गेले. मला फार लाज वाटली, मावशी, अजून वाटते. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो (मुद्दे काढून), तर त्यांनीच मला बसवून कॉफी केली. आता तरी गाणं म्हणा, असं म्हणायला तोंड नव्हतं. गेल्या आठवड्यात घर विकून ते मुलीकडे राहायला गेले. कुंपणापाशी जाऊन मी उगाच उभा राहतो.

तब्येतीला जप.

तुझा,
चारुदत्त

ता. क. त्यांची मुलगी ईडन प्रेरीलाच असते, उत्तराच्या घरापासून चालत जाता येईल. पत्र लिहिलं ते खरं यासाठीच. एकदा जा आणि ते गाणं म्हणायला सांग. शब्द कळले नाहीत तरी चालेल, नुसती समोर बस. बोटं चालतायत तोवर जा.

ता. क. काकांना नेऊ नकोस. ते दोन शब्द बोलतील.

ता. क. माझ्या भाषणाची राहिलेली पानं सोबत आहेत. गाणं पुरतं झाल्यावर, आणि त्यांनी विचारलं तरच काढ.