समोरासमोरची दोन पानं

१७ मार्च २०१५
जेवायचं टेबल गेलं! नातीनं सगळं व्यापलंय. रेगुलाचं पहिलं पुस्तक — आमच्या आप्पेन्झेलच्या मैदानात हात वर करून होणाऱ्या मतदानाचे जुने फोटो. एप्रिलातल्या मतदानाच्या सभेआधी छापून यायला हवं. मी कौतुकानं सारखी तिच्या मागे उभी.

प्रत्येक पानावर फिक्या निळ्या रेघांचे चौकोन. फोटो एका चौकोनात बसवा, चारांत बसवा, नाहीतर अख्खं पान द्या. रेघा छापल्या जात नाहीत म्हणे. अगदी आमच्या भरतकामासारखं! शाळेत कमी आणि सुईवर जास्त बसले मी, त्यामुळे हे लगेच कळलं.

बादिश्ट म्हणाला, "सूप आता मांडीवर घेऊन प्यायचं का?" माझा नवरा पहिल्यापासून असाच कुरकुऱ्या.

१९ मार्च
आज गावभर बोंब! नव्वद सालचे दोन फोटो सापडलेत. त्या रविवारी पुरुषांनी आम्हा बायकांना मताचा हक्क पुन्हा एकदा नाकारला होता. अख्ख्या स्वित्झर्लंडात मताविना राहिलेल्या आम्हीच! जागा एकच, माणसं तीच. आधी 'होय'वाल्यांचे हात वर, मग 'नाही'वाल्यांचे. रेगुला 'होय'चा फोटो डाव्या पानभर लावणार, 'नाही'चा उजव्या पानभर. कोणाचा हात कधी वर गेला, सगळं उघडं!

शेजारचा आल्बिन मधाची बदामी वडी घेऊन आला. एरवी चिमूटभर मीठ देत नाही!
"रेगुलाबाई, मला जरा बारीक कर की."
"आल्बिनकाका, तुम्ही जेवढे आहात तेवढेच दिसाल."
"नात वाचायला लागलीय गं माझी!"
खूप हसले मी. म्हटलं, आमच्या बादिश्टला कसली भीती? तो तर 'होय'वाला. त्या संध्याकाळी, मतदानाला पुरुष कमरेला लावतात ती तलवारही न सोडता दारातच म्हणाला होता, "तुझ्यासाठी हात वर केला, पण हरलो." मी त्याला चीज घालून भाजलेला फ्लाडन वाढला होता. वरून सायसुद्धा.

पुस्तक छापणाऱ्या मंडळाचे कोलरसाहेब मात्र फोनवर कडक. "ते फोटो लहान करा, नाहीतर पुस्तक छापणार नाही." रेगुला म्हणाली, "चौकोन हवे तसे ताणता येतात साहेब, मी नाही." आणि फोन ठेवून दिला.

२० मार्च
बादिश्ट जेवला नाही. दात दुखतो म्हणे. दात कवळीचे!

२१ मार्च
रेगुलानं स्वतःच दोन्ही फोटो लहान केले! कोपऱ्यात एकेका चौकोनात. माणसं मसुराएवढी. उरलेल्या जागेत वाजंत्रीवाले.

"कोलरला घाबरलीस होय?"
"असंच छान दिसतं, आजी." माझ्याकडे बघेना.
"खोटं बोलताना तुझं नाक लाल होतं, पोरी."
ती उठून आतल्या खोलीत गेली.

मी गठ्ठ्यातून 'होय'चा मोठा फोटो काढला. चष्मा पुसला. दुसऱ्या ओळीत बादिश्ट — टोपीवरून ओळखला. चहूकडे हात वर. त्याचा नाही.

बाहेर त्याच्या बुटांचा आवाज आला, फोटो परत सरकवला. 'नाही'चा बघायचं धाडसच झालं नाही. बघून काय करायचं? तिथे वर असणारच की!

२२ मार्च
चर्चला गेलो. शेजारी बसलो. मी गायले, तो नुसतेच ओठ हलवत होता.

२३ मार्च
रेगुलाला म्हटलं, "दोन्ही फोटो पानभर कर."
"आजी, तुला माहीत नाही —"
"पाहिलंय मी."
ती रडली. मी नाही. "माझ्यासाठी पानं आवळू नकोस. आणि कोलरला म्हणावं, फोटो लहान हवे असतील तर माझी आजी बेर्टा येऊन बसेल मंडळाच्या दारात, विणकाम घेऊन. दिवसभर!"
तिनं खरंच तसं सांगितलं. कोलर म्हणाले, "ती बाई? छापा!"

बादिश्ट गोठ्यातच रेंगाळला. हाक मारली नाही मी.

२७ मार्च
छापखान्यातून नमुन्याचा कागद आला. काय सुंदर पानं! उजवं पान खिडकीपाशी नेऊन पाहिलं. बादिश्ट तिथेच, तीच टोपी. हात इथेही वर नाही. दोन्ही पानांवर दोन्ही हात खिशात!

आल्बिननं निदान 'नाही'ला हात तरी वर केला होता.