सिग्नेची चाल

मी, हाल्वार एरिक्सन, वय वर्षे पंच्याहत्तर, राहणार नॉरब्यू, प्रांत हेल्सिंगलँड, धंदा पूर्वी व्हायोलिनवादन, हल्ली खोकणे, हे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. ब्रांडीला शिवून नऊ दिवस झाले. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आणू शकतील अशी माणसे मरून गेली. हात कापतो, म्हणून अक्षर शाळेच्या मास्तरीणबाई इंगेबोर्ग लिंड यांचे आहे. शब्द माझे आहेत. त्यातला एकही गाळायचा नाही किंवा गोड करायचा नाही, या अटीवर त्यांनी लेखणी हातात घेतली आहे. नऊ वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी सर्व काही पुतण्याला दिले होते. तेव्हा मी त्याला ओळखत नव्हतो.

कलम १. पुतण्या एमेरिक दर रविवारी चीजचा तुकडा घेऊन येतो आणि घरात पाय ठेवण्याआधी माझे जवाचे शेत पावलांनी मोजतो. मग विचारतो, "काका, आज कसं वाटतंय?" मी "बरं वाटतंय" म्हटले की त्याचे तोंड उतरते. त्याला मी माझी होडी देतो. होडी तळ्याच्या तळाशी आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानेच मागून नेली होती आणि बर्फ पडेपर्यंत काठावर ओढली नाही. हवी असेल तर त्याने बुडी मारून काढून घ्यावी. चीज वाईट नव्हते, हेही नमूद करतो.

कलम २. लोकसंगीत मंडळाने दिलेले रुप्याचे पदक संडासाच्या दाराला ठोकावे. तिथली कडी तुटून भोक पडले आहे, ते झाकले जाईल. पदकाबरोबर मिळालेला भरजरी कोट जवाच्या शेतात बुजगावण्याला घालावा. मी तो घालून राजधानीत उभा राहिलो होतो. बुजगावणे निदान कावळे तरी हाकलते.

कलम ३. पेटाऱ्यातले व्हायोलिन आणि त्याचा गज यांविषयी. हे कलम लांब होणार आहे. बाई म्हणतात, मृत्युपत्रात एवढे बसत नाही. बसवा.

व्हायोलिन माझ्या वडिलांचे. त्यांच्यानंतर तीस वर्षे या खोऱ्यातली सगळी लग्ने मी वाजवली. मी वाजवले नाही तर ती नवरी वर्षाच्या आत विधवा होते, असे लोक म्हणत. ही अफवा मीच उठवली होती.

मला एकच मूल, सिग्ने. तिला मी शिकवले नाही. ती ऐकून शिकली आणि चौदाव्या वर्षी माझ्या पुढे गेली. हे मला कळायच्या आधी गावाला कळले. थोरल्या वाड्यावरच्या एका लग्नात दोन म्हाताऱ्यांनी तिला हाताला धरून माझ्या स्टुलावर बसवले आणि मला म्हणाल्या, "हाल्वार, तू जेवून घे आता." मी जेवलो. मटण होते. ती वाजवत होती, लोक नाचायचे थांबून ऐकत होते, आणि मी हाड चोखत होतो. माझ्यासाठी कधी कोणी नाचायचे थांबले नव्हते.

सोळाव्या वर्षी तिने वरातीची एक चाल बांधली. गोठ्यात, गाईंसमोर. मी भिंतीपलीकडून ऐकली आणि त्या रात्री मला जेवण गेले नाही. तशी चाल आमच्या सात पिढ्यांत कोणाला सुचली नव्हती.

त्याच उन्हाळ्यात, सन १८७८, राजधानीहून गॉटफ्रिड एल्वेनक्रान्स नावाचा तरुण संगीतकार आमच्याकडे उतरला. आज त्याला सगळा देश ओळखतो. तेव्हा त्याच्याकडे दोन सदरे आणि एक कोरी वही होती. तो म्हणायचा, "तुमच्याकडे जुनं काय आहे ते वाजवा, मी टिपून घेतो." मी वडिलांच्या चाली वाजवल्या. तो टिपून घेत होता, पण जांभया देत देत. माझ्यासमोर जांभई! पाचव्या दिवशी मला राहवले नाही. मी सिग्नेची चाल वाजवली.

त्याची जांभई अर्ध्यात थांबली. "ही कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

सिग्ने चुलीपाशी लापशी ढवळत होती. ती वळली आणि म्हणाली, "थांबा बाबा. ती माझी आहे."

मी पाहुण्याकडे बघून हसलो. "पोरगी आहे. गाईंशी बोलून बोलून डोकं फिरलंय तिचं."

तोही हसला. लापशी करपली. त्याबद्दल मी तिला पाहुण्यासमोर बोल लावला.

दीड वर्षाने ती चाल 'जंगलातली नवरी' या नावाने छापून आली. खाली नाव एल्वेनक्रान्सचे. माझे नाव प्रस्तावनेत होते: "एक अडाणी, अर्धवट झिंगलेला शेतकरी, जो पाखरासारखा वाजवतो, म्हणजे काय वाजवतो हे त्याला ठाऊक नसते." हे वाक्य मला अजून पाठ आहे.

पाद्रीसाहेबांनी ते छापील कागद मागवले. नाताळनंतरच्या कॉफीला गाव जमले असताना त्यांनी ती चाल पियानोवर वाजवली. सिग्ने कप धुत होती. ओल्या हातांनी बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ही मी बांधली आहे. बाबांनी माझ्याकडून घेतली आणि त्याने बाबांकडून."

लोक हसले. पाद्रीबाई म्हणाल्या, "अगं, आता म्हणशील बायबलही मीच लिहिलं!"

पाद्रीसाहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मग व्हायोलिन घेऊन ये आणि वाजवून दाखव."

ती धावत घरी आली. मी मागोमाग. तिने पेटारा उघडला आणि व्हायोलिन काढायला डावा हात आत घातला. मी झाकण खाली आणले. झाकण ओकचे आहे, पट्ट्या लोखंडी. मग मी त्यावर बसलो.

इथे बाई लिहायच्या थांबल्या आहेत. लिहा बाई. बसलो, असेच लिहा. पडलो नाही, घसरलो नाही. बसलो.

ती ओरडली नाही. ओरडली माझी बायको, मार्गित. मी उठलो तेव्हा दोन बोटे वाकडी झाली होती, अनामिका आणि करंगळी. ती पुन्हा सरळ झाली नाहीत. व्हायोलिनला ओरखडासुद्धा आला नव्हता, आणि देवाशपथ सांगतो, मी आधी ते पाहिले, मग तिचा हात. वसंतात नदीचा बर्फ फुटला तेव्हा सिग्ने सुंड्सवालला गेली. तिथल्या एका लाकूड-गिरणीच्या खाणावळीत ती एकतीस वर्षे मजुरांचे बटाटे उकडते आहे.

मार्गित त्यानंतर नऊ वर्षे जगली. रोज माझे ताट वाढले. बोलली नाही. मरताना एकदा बोलली, "माझ्या मयताला वाजवू नका." मी वाजवले. लोकांनी मागणी केली आणि मला मागणीची सवय होती. तिची कबर उत्तर कोपऱ्यात आहे. मला तिच्या शेजारी पुरू नये. तिला विचारले असते तर तिनेही हेच सांगितले असते.

कलम ४. हे कलम एल्वेनक्रान्ससाठी. सन १८९६मध्ये वर्तमानपत्रांत वाद निघाला की 'जंगलातली नवरी' त्याची नव्हे, ती कोणातरी खेडुताची आहे. तो रेल्वेने स्वतः माझ्याकडे आला. पोट सुटले होते, अंगावर फरचा कोट होता. खिशातून तयार कागद काढला. त्यात लिहिले होते की ही चाल एल्वेनक्रान्स यांनी माझ्या घरी स्वतः रचली आणि मी ती त्यांच्याकडून शिकलो.

मी विचारले, "आणि मला काय?"

"पुढल्या वर्षी राजधानीत मोठं प्रदर्शन आहे. मंचावर तुम्ही. हजारो लोक ऐकायला."

"एकटा?"

"एकटे."

मी सही केली. स्वतःच्या मुलीकडून चोरलेली चाल मी दुसऱ्या चोराला पावतीनिशी दिली, एका दुपारच्या टाळ्यांसाठी. मंचावर निवेदकाने सांगितले, "एल्वेनक्रान्स मास्तरांनी शिकवलेला हा म्हातारा शेतकरी." टाळ्या मोठ्या होत्या. खोटे कशाला बोलू, मला आवडल्या.

ती सही मी आज मागे घेतो. एल्वेनक्रान्सने ती चाल रचलेली नाही. येत्या बारा डिसेंबरला त्याची साठी आहे आणि राजधानीत मेजवानी आहे. मी त्याआधी मेलो तर या मृत्युपत्राची नक्कल रजिस्टर टपालाने नेमकी त्या दिवशी तिथे पोचावी. नाही मेलो, तरी पोचावी.

कलम ५. पुढे लग्नांना वादक कोणी बोलावेना, चर्चचा ऑर्गन पुरेसा झाला. तेव्हा पाद्रीसाहेबांनी मला ऑर्गनचा भाता तुडवायचे काम दिले. त्यांना माझे हात नको होते, पाय हवे होते. अकरा वर्षे प्रत्येक लग्नात वर 'जंगलातली नवरी' वाजायची आणि मी खाली अंधाऱ्या खोपटात तिला हवा पुरवायचो. त्या कामात झिजलेले माझे बूट पाद्रीसाहेबांना द्यावेत. त्या दिवशी सिग्ने व्हायोलिन घेऊन परत का आली नाही, हे विचारायला ते आमच्या घरी कधी आले नाहीत. घर चर्चपासून चारशे पावलांवर आहे. बूट त्यांना चालायला उपयोगी पडतील.

कलम ६. घर, शेत, गाय, बँकेतली शिल्लक आणि कलम ३ मधले व्हायोलिन सिग्नेला. अर्धे कायद्याने तिचेच आहे, उरलेले अर्धे मी देतो. अट कोणतीही नाही. तिने ते जाळले तरी कोणी अडवू नये.

इथेच संपवणार होतो आणि कलम ७मध्ये 'ही चाल सिग्नेची आहे' एवढेच लिहून घेणार होतो. पण दोन आठवड्यांपूर्वी ती आली. एमेरिकने तिला कळवले होते की काका चालले. एकतीस वर्षांनी आली, कोट काढला नाही, बाकावर बसली.

मी म्हणालो, "आलीस."

"संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय."

"मी लिहून ठेवतोय. चाल तुझी आहे म्हणून. सगळ्या देशाला कळेल."

"कोणासाठी लिहिताय?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नव्हे, बाबा. तुम्हाला शांत मरता यावं म्हणून."

तिला बरे वाटेल म्हणून मी ती चाल गुणगुणलो. आवाज फाटला होता, पण शेवटपर्यंत गेलो. तिने पूर्ण ऐकली. मग म्हणाली, "दुसऱ्या भागात तिथे वर जायचं नसतं."

"म्हणजे?"

"चुकीचं आहे. त्या पाहुण्यासमोर वाजवलंत ना, तेव्हाच चुकलात. भिंतीपलीकडून ऐकलंत, नीट ऐकू आलं नाही तुम्हाला. मी 'थांबा' म्हणाले ते काय नावासाठी? तुम्ही चुकीचं वाजवत होतात, ते मला ऐकवेना. पुढे सांगणारच होते, तर तुम्ही हसलात."

"मग पाद्रीकडे...?"

"तिथेही तेच चुकलेलं वाजत होतं. बरोबर काय ते दाखवायला व्हायोलिन आणायला धावले होते मी."

मी म्हणालो, "मग आता दाखव. गा एकदा."

"नाही."

"मरणाऱ्या माणसाला नाही म्हणतेस?"

"सगळा देश तुमच्या चुकीवर लग्नं लावतोय, बाबा. लावू दे."

मी तीनदा मागितली. शेवटी हात जोडले. तिने चुलीवर दोन बटाटे उकडून माझ्यासमोर सोलून ठेवले, उजव्या हाताने आणि डाव्याच्या तीन बोटांनी, आणि गाडी पकडायला गेली. चाल तिला आठवते. दारातून जाताना तिचा अंगठा कोटाच्या बटणावर ताल धरत होता, तो मी पाहिला. पण ओठ मिटलेले होते.

कलम ७. म्हणून तो बेत सोडून मी असे जाहीर करतो. 'जंगलातली नवरी' ही छापील चाल सिग्नेची नाही. ती एल्वेनक्रान्सचीही नाही. त्याने फक्त इमानाने नक्कल केली. त्या चालीवर ज्याचे नाव पडायला हवे तो चुकलेला माणूस मी आहे, हाल्वार एरिक्सन. लग्नांत ती खुशाल वाजवावी.

सिग्नेची चाल वेगळी आहे. ती कुठेही लिहिलेली नाही आणि जगात एकाच माणसापाशी आहे. त्या चालीवर माझा, देशाचा, मंडळाचा किंवा कोणाही संगीतकाराचा हक्क नाही. ती ऐकायला कोणी सुंड्सवालला जाऊ नये. गेलात तर ती बटाटे वाढील. मी बाप असून मला मिळाली नाही. तुम्हाला कशी मिळेल?

हे मृत्युपत्र मला दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्यांदा वाचतानाही बाईंनी मजकूर बदलला नाही. खाली सही करणाऱ्या दोघांना माझ्याकडून काहीही मिळत नाही, म्हणूनच ते साक्षीला चालतात.

सही: हाल्वार एरिक्सन (स्वहस्ते, कापऱ्या अक्षरात)

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर:
१. इंगेबोर्ग लिंड, शिक्षिका, नॉरब्यू
२. टूरे ब्लांक, होड्या बांधणारा, नॉरब्यू

ठिकाण: नॉरब्यू, हेल्सिंगलँड
तारीख: २३ नोव्हेंबर १९११