कॅमेरा बघतो तिथे

३ मार्च, सोमवार
शिसारी! दुसरा शब्द नाही. आज नवा इंग्रजी सिनेमा हाती आला. ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी वर्णन लिहायचं, दोन संवादांच्या मधल्या जागेत बसेल असं. खून झालाय, पोलीस अधिकारी बाई धावत येते — आणि कॅमेरा आधी तिच्या टाचांवर! मग पोटऱ्या, मांड्या, कंबर. तोंड सगळ्यात शेवटी. मी लिहिलं, ‘एक अधिकारी बाई आत येते. थकलेली दिसते.’

४ मार्च
साहेबांनी परत पाठवलं. दिसतं ते लिहा, म्हणाले, स्वतःचं मत घालू नका. मत कसलं? थकलेलीच होती ती! पण नोकरी त्यांच्या हातात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. टाचांपासून पुन्हा लिहिलं आणि साबणाने हात धुतले.

६ मार्च
सिनेमात दुसरा खून. नदीतून बाई बाहेर काढली, तरी ओठ रंगवलेले. बुडून मेलेलीसुद्धा नटलेली हवी मेल्यांना!

९ मार्च, रविवार
चिमीला वाचून दाखवलं. माझी धाकटी बहीण. तिला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे माझं प्रत्येक वर्णन आधी तिच्या कानावर घालते. टाचा-पोटऱ्या आल्या तसं तिने मला थांबवलं. म्हणाली, एवढा वेळ बघतात आणि तिला कळत नाही होय? सिनेमातल्या बायकांना नाही कळत, मी म्हटलं.

मग एकदम — “ताई, माझ्याकडे कुणी असं बघतं का गं?”

“छे!” म्हणून मोकळी झाले. डोळ्यांसमोर मात्र कोपऱ्यावरचा किराणावाला. चिमी त्याला काका म्हणते. तो तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, मी पाहते, आणि तिचा हात धरून घाईने निघते. रस्त्यावरचं सगळं सांगते तिला — कुणी केस कापले, कुणाची खिडकी फुटली. एवढंच गाळते. तिला कशाला घाबरवायचं? पण साहेबांना नावं ठेवायला मी कोण लागून गेले! आज स्वतःचीच किळस आली.

१० मार्च
सांगून टाकलं. त्याला काका म्हणू नकोस म्हटलं.

“माहितीये मला,” चिमी म्हणाली. “म्हणून तर काका म्हणते. पिशवी देताना हात सोडत नाही तो. तू कधी बोलली नाहीस — मला वाटलं, तुला दिसतच नाही.”