दहा हजार एक चिकू आणि माझी मिशी

घोलवड, गुरुवार

ती. स्व. सौ. नूतनताईस,

धाकट्या दौलतचा साष्टांग नमस्कार (कंबर वाकेल तेवढाच). डहाणूत तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? आमच्याकडे सगळं ठीक, फक्त रविवारी रियाचं लग्न आहे आणि तिची सख्खी आत्या येणार नाही म्हणते, एवढंच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून वाडीवरच्या झिपरूच्या हाती हे पत्र.

साखरपुड्याला व्याह्यांसमोर मी म्हणालो, रुखवतात आपल्या वाडीचे दहा हजार एक चिकू मांडणार. (वरचा एक शकुनाचा. शून्यावर संपणारा आकडा आपल्यात कोण देतं?) तू म्हणालीस, सारख्या ओळींत मांड, बरोबर बसतील. मी म्हणालो, छे, काही ना काही उरणारच. बसले तर मिशी उतरवीन! वर असंही म्हणालो, की शाळेत जन्मभर गणित शिकवलं म्हणून चिकू कळत नाहीत. व्याही हसले आणि तू न जेवता उठलीस. जाताना बजावलंस, सारखे मांडून दाखव, तरच लग्नाला येईन.

तर ताई, मांडले. भागाकार कागदावर होतो हे मलाही ठाऊक आहे, पण कागदावर चिकू दिसत नाहीत. आधी दोन ओळी केल्या. त्या विहिरीपासून निघून फाटकाबाहेर बोर्डीच्या रस्त्यावर गेल्या, एसटी अडली, कंडक्टरने एक चिकू उचलला (तो मी त्याच्या हातातून परत घेतला). शेवटी एक उरला. तीन ओळी केल्या, दोन उरले. पाचला एक, सातला पाच. दोन फसल्यावर चार, सहा, आठच्या नादी लागलो नाही, इतकं गणित मलाही येतं. मऊ पडलेला चिकू काढून झिपरू झाडावरचा कडक आणून ठेवतोय. हर्षदा म्हणते, "अहो, एक खाऊन टाका, शंभराच्या शंभर ओळी होतील!" बायकोचं बरोबर आहे, पण मी खाणार नाही. आज एकाहत्तर ओळींपर्यंत आलो, तर एकसष्ट उरले. कंबर गेली. आता माझं ठाम मत झालंय, की या आकड्याला कशानेच भाग जात नाही. माझ्यासारखाच आहे तो.

तेव्हा तू हरलीस. मोठ्या मनाने कबूल कर आणि रविवारी ये. मी मिशीला तेल लावून बसलोय.

तुझा धाकटा,
दौलत

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात रिया म्हणाली, "बाबा, शंभरापर्यंत तरी जा ना. त्यापुढे नवं काही नाही, तीच मांडणी, आडवं ते उभं, उभं ते आडवं." पोरगी आत्याकडेच शिकलेली, तिला काय बोलणार? पुढचा त्र्याहत्तर. झिपरूला थांबवून ठेवलंय.

आणखी एक ता. क. त्र्याहत्तर ओळी, ओळीत एकशे सदतीस. एकही उरत नाही. मिशी उतरवली, हर्षदाने दारातच विचारलं, "कोण पाहिजे?" ताई, मी चुकलो. शेवटच्या ओळीतली शेवटची जागा मोकळी ठेवलीय. तो चिकू तू ठेवायचास, आणि या खेपेला जेवल्याशिवाय उठायचं नाही.