सोमवारी माझी साक्ष आहे

शनिवार, १२ ऑक्टोबर

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद, आणि तुरुंगातल्या भेटीच्या जाळीतून देता येत नाही म्हणून एक टपली इथूनच.

बाबांचा गुडघा बरा आहे. जिना उतरतात, चढताना मात्र कुरकुरतात. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. खोली रोज उघडते, झाडते आणि परत बंद करते. सोमवारी माझी साक्ष आहे, ते तुला माहीत आहेच. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तुझ्या प्रोग्रॅमवाल्या मंडळींचं. अपघात झाला त्या आठवड्यात यांनीच तुला खुनी ठरवलं होतं. अंधांना मजकूर वाचून दाखवणारा तो प्रोग्रॅम तू इतकी वर्षं फुकट राबून उभा केलास, आणि त्यातून तुझं नाव खोडा म्हणून शेकडो लोक हात धुऊन मागे लागले. एका दुपारीत तुझे सगळे अधिकार काढून घेतले. तुझं म्हणणं कुणी विचारलंसुद्धा नाही. मी तेव्हा किती जणांशी भांडले, कीबोर्डवर बोटंच काय, तोंडही दुखायला लागलं.

आता वारं फिरलंय. तुझा तो दाढीवाला मित्र घरी येऊन गेला. न्यायाधीशांनी दया दाखवावी म्हणून अर्ज काढलाय, हजारो सह्या झाल्या म्हणाला. एका अंध मास्तरांचा फोन आला. तुझ्यामुळे आपण आपली पत्रं स्वतः वाचतो म्हणाले, आणि मला भरून आलं. बाबा तर हे सगळं शेजाऱ्यांना बोलावून ऐकवतात.

पण हीच माणसं आता अपघातात गेलेल्या त्या शिवणकामवाल्या बाईंच्या मागे लागली आहेत. रस्ता बघून ओलांडायला काय झालं होतं, कानात गाणी असतील, असलं काहीबाही. कुणी तर त्यांचा फोटो टाकून खाली हसलंय. तुझं निदान कुणी ऐकलं नाही. त्या बाईंना तर आता काही सांगताच येणार नाही.

मागच्या भेटीत तू म्हणालास, "ताई, त्या अचानक आडव्या आल्या, एवढंच सांग. बाकीचं वकील बघून घेईल." मी मान हलवली. तू तो होकार धरलास.

जेवताना तू तुमच्या मंडळींचा नियम ऐकवून आम्हाला वात आणायचास. प्रोग्रॅममध्ये स्वतः केलेला बदल स्वतः मंजूर करायचा नाही, बदल कितीही छोटा असो आणि माणूस कितीही मोठा असो. दुसऱ्याने तो डोळ्यांखालून घातलाच पाहिजे. मग भाजीतलं मीठही शेजाऱ्यानेच चाखायचं का, असं बाबा विचारायचे. अपघाताच्या दिवशी असाच कुणाचा तरी बदल तुझ्या मंजुरीसाठी अडला होता. "एक मिनिट ताई, लोक खोळंबलेत," म्हणत तू एका हाताने गाडी चालवत होतास आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर वाचत होतास. आणि आता तुझ्याच गोष्टीवर मी न बघता मंजुरी द्यावी, अशी तुझी इच्छा आहे. मी तर गाडीत तुझ्या शेजारी बसून सगळं बघितलंय रे.

बुधवारी त्या बाईंच्या मुलीचा फोन आला. मला वाटलं, शिव्या घालेल. तिने एकच विचारलं, "लोक लिहितात ते खरं आहे का? आईने बघितलं नव्हतं का?"

बघितलं होतं, ठोंब्या. त्या पांढऱ्या पट्ट्यांवरूनच चालत होत्या, काखेत कपड्यांचं गाठोडं होतं. त्यांनी आपल्याकडे बघितलं आणि थांबा म्हणून हात वर केला. मी तो हात पाहिला. तू फोनमध्ये बघत होतास. मी मुलीला म्हटलं, "तुझ्या आईची काही चूक नव्हती." मग ती तिकडे रडत राहिली आणि मी इकडे.

सोमवारी मी हेच सांगणार आहे. बाबांना काल सांगितलं. "तू त्याची सख्खी बहीण ना?" एवढंच म्हणाले, आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. ताट वाढलं की उचलून आत नेतात. तुझी मंडळी आता मला फाडून खातील, त्याची तयारी आहे. तू बोलणं टाकलंस तर मात्र मी कोलमडेन, हे लपवून काय करू?

तू खुनी नाहीस, हेही तिथे सांगेन. तू पळाला नाहीस. त्यांना तूच उचललंस, दवाखान्यात डॉक्टरांनी बाजूला केलं तरी तू त्यांच्या पायाशी उभा होतास. कुणी विचारलं नाही तरी सांगेन.

हे पत्र तुझ्याआधी तिथले साहेब वाचतील. वाचू देत. भर न्यायालयात पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा तुला माझ्याकडून कळलेलं बरं. शिक्षा होईल तितकी वर्षं मी दर भेटीला येणार. तू भेटायला नाही म्हणालास, तर वेळ संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहीन.

तुझ्या बाजूने नसलेली, पण तुझीच,
ताई