ग्रहणाचा दोष

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुझ्याशी बोलावंसं वाटलं ते धाकटीमुळे. बारसं व्हायच्या आतच ती गेली, म्हणून आपण तिला धाकटीच म्हणत राहिलो. कल्याणच्या घरातली ती बाळंतिणीची खोली, शेगडीवर ओव्याचा धूर, आणि तुझ्या मांडीवर ती. ओठ जांभळे पडलेले. जरा दूध ओढलं की दमते, घामाघूम होते, आणि तू कापसाचा बोळा दुधात भिजवून थेंब थेंब तिच्या तोंडात सोडतेस. दारात उभी राहून आत्या म्हणते, "ग्रहणात विळी हातात घेतलीस ना, आता भोग." त्यानंतर कोणाच्या डोहाळजेवणाचं बोलावणं आलं की तू घरात काहीतरी काम काढायचीस.

वडिलांनी मला डॉक्टरी शिकायला मुंबईला पाठवलं तेव्हा तू नव्हतीस. तिथे एकदा मेलेल्या अर्भकाचं हृदय उघडून दाखवलं. रक्त फुप्फुसाकडे सोडणारी झडप जन्मतःच चिकटलेली होती. गर्भ घडतानाच असं होतं, का ते कोणालाच ठाऊक नाही, असं शिकवणाऱ्यांनी सांगितलं. मला धाकटीचे जांभळे ओठ आठवले.

आज ठाण्याला तळ्याजवळ एका कारकुनाच्या घरी गेलो होतो. नुकती जन्मलेली मुलगी, तसेच ओठ. छातीला नळी लावली, तर ठोक्याबरोबर फुंकर घातल्यासारखा आवाज. सुनेनं ग्रहण पाळलं नाही, हे सासूबाई मला पुन्हा पुन्हा ऐकवत होत्या. मी बाळंतिणीकडे वळलो आणि म्हणालो, "बाई, हिच्या काळजातली झडप पोटात असतानाच अशी घडली. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही." सासूबाईंना ते पटलं नाही, त्या उठून आत गेल्या. बाळंतिणीनं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हे एकदा ह्यांच्यासमोर सांगाल?" नवरा कचेरीतून येईपर्यंत मी ओटीवर बसून राहिलो आणि त्यालाही सांगितलं.

आत्या आता फार थकली आहे. तिला हे लिहिलेलं वाचून दाखवणार नाही, कोणालाच दाखवणार नाही. कारकुनाच्या घरून निघताना बाळंतिणीनं विचारलं, बाळ वाचेल का. उद्या पुन्हा येतो, एवढंच म्हणालो. अशा झडपेवर औषध नाही; उद्या जाऊन मी काय करणार आहे, ते मलाही ठाऊक नाही.